टाइलवर चूल मांडली आणि टाइल फुटली

"काकू, नमस्कार. गेल्या दिवाळीत आमचं घरकुल पूर्ण झालं. मुलानं हौसेनं सैपाकाच्या खोलीत गुळगुळीत टाइल बसवली. गॅस आहे, पण सिलिंडर पुरवून पुरवून वापरावा लागतो, आणि सासूबाईंना भाकर चुलीवरचीच लागते. आंघोळीचं पाणीही चुलीवरच तापतं. म्हणून कोपऱ्यात टाइलवरच विटा ठेवल्या, माती लिंपली आणि चूल मांडली. पंधरा दिवस बरे गेले. मग एका संध्याकाळी भाकर टाकताना फटाका फुटावा तशी चुलीपुढची टाइल फुटली. एक तुकडा सासूबाईंच्या हाताला लागला. आता मिस्त्री म्हणतो, शहाबादी फरशी टाकून देतो. मुलगा म्हणतो, बाजारातून लोखंडी शेगडी आणू, खाली प्लायवूड टाकू आणि त्यावर टिनाचा पत्रा मारू. सासूबाई म्हणतात, टाइलच उखडा. शेजारच्या खोलीत दरवर्षी कापूस भरलेला असतो, तेही सांगून ठेवते. चुलीखाली नेमकं काय घालावं?
— एक वाचक, तालुका राळेगाव, जिल्हा यवतमाळ"

ताई, आधी सासूबाईंचा हात बघा. टाइलचा तुकडा काचेसारखा धारदार असतो, जखमेत बारीक कण राहिला तर पुढे पू धरतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन ते देऊन आणा. चुलीचं काम दोन दिवस थांबलं तरी चालेल.

तुम्ही चुलीखाली काय घालावं ते विचारलंत, आणि ते मी सविस्तर सांगणार आहे. पण पत्राच्या शेवटी जाता जाता कापसाचं लिहिलंत आणि माझा जीव तिथंच अडकला. म्हणून सुरुवात तिथून करते.

मी अकरा वर्षांची असताना माझ्या माहेरी कापूस जळाला. मधल्या खोलीत आड्याला टेकेल एवढा ढीग होता, भाव वाढेल म्हणून फेब्रुवारीपर्यंत राखलेला. पलीकडे सैपाकाची खोली. मध्ये तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या काड्यांचा, कूड आणि दाराला पोत्याचा पडदा. आई वावरातून उशिरा आली, घाईनं चुलीत पऱ्हाटी, म्हणजे कापसाच्या झाडाची वाळकी काडी, सारली आणि पाणी आणायला बाहेर गेली. पऱ्हाटी बारीक असते, मधेच जळून तुटते. तशी ती तुटली, पेटतं टोक चुलीच्या तोंडातून खाली पडलं, घरंगळलं आणि पडद्याला लागलं. आम्हाला ज्वाळा दिसलीच नाही. कवेलूंच्या फटींतून पिवळट धूर यायला लागला तेव्हा कळलं. सारं गाव विहिरीवरून पाण्याचे गुंड भरभरून आणत होतं. वरचा कापूस भिजला आणि आतला धुमसतच राहिला. कच्च्या कापसाच्या धाग्यावर मेणासारखा पातळ थर असतो, तो पाणी पटकन आत जाऊ देत नाही. शेवटी मागची भिंत फोडली, दाताळ्यानं कापूस अंगणात ओढला, पसरला, उलटापालटा करून भिजवला, तेव्हा कुठे तिसऱ्या दिवशी धूर थांबला. त्यानंतर वडिलांनी चूल मागच्या सपरीत नेली. एका दिवसाचं काम होतं.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की चूल घरकुलाच्या आत ठेवूच नका. घरकुलाचं किमान क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. तेवढ्यात झोपणं, धान्याच्या कोठ्या, गॅस, चूल आणि हंगामात कापूस. यांतलं एक बाहेर काढायचं झालं तर ते चूलच काढावं. गॅस आणि चूल एका खोलीत असण्याचा धोका तर वेगळाच आहे. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. नळीतून किंवा रेग्युलेटरमधून जरासा निसटला तर तो वर जात नाही, जमिनीलगत पसरत सरकतो, आणि आपली चूल जमिनीवरच पेटलेली असते. ओट्यावरच्या गॅसचा वास तुमच्या नाकाला यायच्या आत तो चुलीशी पोचलेला असू शकतो.

मागच्या बाजूला सपरी काढता आली तर उत्तम. चार खांब, वर टीन आणि वाऱ्याच्या अंगाला आडोसा एवढं पुरतं. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारची लू पश्चिमेकडून येते, म्हणून भिंत त्या बाजूला घाला आणि चुलीचं तोंड तिकडे करू नका. तोंडात वारा शिरला की जाळ मागून बाहेर फेकला जातो आणि ठिणग्या अंगणभर उडतात. सपरीत धुराचाही त्रास कमी होतो. सासूबाईंच्या डोळ्यांना आणि छातीला त्याचा केवढा आराम पडेल, तो महिनाभरात त्याच सांगतील.

आणि सपरी यंदा होणार नसेल, चूल आतच राहणार असेल, तर कापूस घरात भरू नका. दोन्ही एका छपराखाली ठेवायचं असेल तर निदान मधली भिंत विटांची, आड्यापर्यंत बांधलेली आणि दोन्ही अंगांनी लिंपलेली असू द्या, दार लाकडी किंवा टिनाचं असू द्या आणि सैपाक चालू असताना ते बंद राहू द्या. पडदा नको. कापूस वेचून आल्यावर अंगाला, केसांना रुई चिकटलेली असते. त्याच लुगड्यानं चुलीपुढे बसू नका, झटकून, हातपाय धुऊन मग बसा.

आता टाइल का फुटली ते सांगते. नुसतं "चांगल्या कंपनीची नव्हती" म्हणून सोडून देऊ नका, कारण भारीतली भारी टाइलही अशीच फुटेल. टाइल सिमेंटच्या गिलाव्यावर बसते. तिच्याखाली कुठे ना कुठे पोकळी राहते आणि त्या पोकळीत दमटपणा असतो. वरून धग लागली की टाइलचा वरचा भाग फुगतो, खालचा गारच राहतो. दोन्ही भागांची ओढाताण सुरू होते. त्यात खालच्या ओलीची वाफ होते आणि गुळगुळीत घट्ट टाइलमधून तिला बाहेर पडायला वाट मिळत नाही. मग तो आवाज होतो. कधी तापलेल्या टाइलवर भाताची पेज उतू जाते, गार पाणी सांडतं, तेवढ्यानंही ती तडकते. पंधरा दिवस काही झालं नाही याचं कारण एवढंच की रोजच्या तापण्या-निवण्यानं ती आतून थोडी थोडी चिरत होती.

चुलीपासून जमिनीला दोन गोष्टींचा त्रास असतो, ठिणगीचा आणि धगीचा. लोक या दोन्ही एकच समजतात आणि तिथंच फसतात. ठिणगी, निखारा, तुटलेली काडी वरून पडते. ती थांबवायला वर न जळणारं काहीही पुरतं, अगदी पत्रासुद्धा. धग मात्र आतून, हळूहळू, थरातून थरात उतरत जाते. तिला अडवायला जाडी लागते, आणि जिच्यातून उष्णता सावकाश जाते अशी वस्तू लागते: रेती, राख, माती, भाजलेली वीट.

या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवल्या की तुमच्या मुलाचा बेत का नको ते कळतं. टिनाचा पत्रा ठिणगी थांबवतो, धग थांबवत नाही. लोखंड तर धग उलट भरभर पसरवतं. पत्र्याखालचं प्लायवूड रोज थोडं थोडं भाजतं. पहिल्या महिन्यात काही दिसत नाही. नंतर ते तपकिरी होतं, मग काळं पडतं. असं वारंवार भाजलेलं लाकूड नव्या लाकडापेक्षा कमी उष्णतेलाच पेट घेतं. वर पत्रा असल्यामुळे हे सगळं तुमच्या नजरेआड होतं, आणि धूर दिसतो तेव्हा आग पत्र्याखाली बरीच पसरलेली असते. मुलाची शेगडी आणायची कल्पना मात्र वाईट नाही. चार पायांच्या शेगडीखाली हवा खेळते, त्यामुळे खाली धग कमी लागते. फक्त ती प्लायवूडवर, लाकडी पाटावर किंवा प्लास्टिकच्या चटईवर ठेवायची नाही. खाली विटांचा एक थर आणि त्यावर दोन बोटं रेती, एवढं हवंच.

मिस्त्रीची शहाबादी फरशी टाइलपेक्षा बरी, पण चुलीच्या थेट खाली तीही नको. शहाबादी, कोटा, कडप्पा ही सगळी चुनखडीच्या जातीची दगडं. ती थरांथरांची असतात, तापली की त्यांचे पापुद्रे सुटतात आणि थरात ओल असेल तर कपचा उडतो. चुनखडी भाजून चुना कसा करतात ते वणीकडच्या भट्ट्यांवर पाहिलं असेल. घरच्या चुलीची धग तेवढी नसते हे खरं, पण रोज दोन वेळा भाजायला हा दगड नाही. चुलीच्या पुढे-बाजूला, जिथे फक्त ठिणगी पडते, तिथे शहाबादी खुशाल टाका, झाडायला सोपी जाते.

सिमेंटची नुसती जमीनही तशीच. सिमेंट घट्ट होतं ते पाण्याशी एकजीव होऊन. जास्त तापलं की ते पाणी निघून जातं आणि सिमेंट भुसभुशीत होतं. अंगणातल्या काँक्रीटवर गोवऱ्या पेटवून रोडगे भाजले की खालून टवके उडतात, ते यामुळेच. रोडग्यांचा जाळ मुरमाड मोकळ्या जमिनीवर करावा. चूलही सिमेंटनं लिंपू नका. दिसायला छान दिसते आणि आठ दिवसांत भेगाळते.

एक वस्तू मला विशेष बजावून सांगायची आहे, कारण घरकुलाच्या अंगणात ती हमखास उरलेली असते. करड्या रंगाच्या राखेच्या विटा. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरच्या वीजकेंद्रांतून निघणाऱ्या राखेपासून आपल्याकडे अशा विटा सर्रास बनतात. भिंतीला त्या चांगल्या. पण त्या भट्टीत भाजलेल्या नसतात, चुना किंवा सिमेंट घालून घट्ट केलेल्या असतात. चुलीला आणि चुलीखाली त्या वापरू नका. लाल मातीची वीट आधीच भट्टीत ९०० ते १००० अंशांच्या आसपास भाजून निघालेली असते, तिला तुमच्या चुलीचं भय नाही. दोन विटा एकमेकींवर वाजवून बघा, टणक खणखणीत आवाज येईल ती घ्या. जुन्या घराच्या लाल विटा पडल्या असतील तर त्याच घ्या, पैसेही वाचतील.

आणि गोठ्यावरून उतरवलेला जुना सिमेंटचा नालीदार पत्रा चुलीमागे उभा करू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतं, तापला की तो फुटतो, आणि त्याची धूळ फुप्फुसाला फार वाईट.

आता चुलीचा कट्टा. एक वैल, म्हणजे बाजूचं दुसरं तोंड, असलेली साधी चूल दोन फूट रुंद आणि दीड फूट खोल धरली, तर कट्टा चार फूट बाय चार फूट हवा. दोन्ही बाजूंना एकेक फूट, मागे भिंतीपर्यंत अर्धा फूट आणि पुढे, तोंडासमोर, दोन फूट. हे पुढचे दोन फूट कुणी सोडत नाही. सगळे चुलीखाली काय घालू याची काळजी करतात आणि चुलीपुढे पोतं अंथरून बसतात. विस्तव मात्र नेहमी पुढेच पडतो. अमेरिकेत घरात लाकडाच्या लोखंडी शेगड्या बसवतात. तिथल्या अग्निसुरक्षेच्या नियमांत शेगडीच्या दारापुढे १६ ते १८ इंच जमीन न जळणारी हवी आणि जळणाऱ्या भिंतीपासून शेगडी ३६ इंच लांब हवी, असं सांगितलेलं आहे. त्या शेगडीला तर दार असतं आणि लाकूड पूर्ण आत जातं. आपल्या चुलीचं तोंड उघडं, आणि पऱ्हाटी हातभर बाहेर आलेली. मग दोन फूट जास्त कसे होतील?

सासूबाई बरोबर म्हणतात, तेवढ्या चार बाय चारच्या जागेतली टाइल उखडा. बाकीची राहू द्या, मुलाची हौस आहे. सपरीत करत असाल तर मुरूम टाकून, पाणी मारून, धुम्मसानं ठोकून घ्या. त्यावर दोन इंच कोरडी, चाळलेली रेती पसरा. रेतीनं जागा सपाट होते, धग अडते आणि खालच्या ओलीला वाफ होऊन निघायला वाट राहते. रेतीवर लाल विटांचा एक थर आडवा, चपटा बसवा. सांधे मातीनं भरा, सिमेंटनं नको. जिथे चूल बसणार तिथे, म्हणजे मागच्या दोन फुटांत, विटांचा दुसरा थर घाला, पण आडव्याला उभा, म्हणजे खालचा सांधा आणि वरचा सांधा एका रेषेत येणार नाही. सांध्यावर सांधा आला की धगीला सरळ खाली जायला वाट होते. पुढच्या दोन फुटांत एकच थर, म्हणजे बसायला उंची अडचणीची होत नाही. या पुढच्या भागाच्या तिन्ही कडांना विटा रोवून दोन इंचांचा काठ काढा. निखारा घरंगळला तर काठाशी थांबेल, आणि रांगतं पोर असेल त्या घरात तर हा काठ पाहिजेच. ९ इंच लांब, साडेचार इंच रुंद विटा धरल्या तर या सगळ्याला शंभराच्या आसपास विटा लागतात, फूटतूट धरून सव्वाशे आणा. चुलीच्या अंगाच्या विटा वेगळ्या.

लिंपायच्या मातीबद्दल थोडं जास्त सांगते, कारण इथं काम बिघडतं. वावरातली काळी माती आणू नका. कापसाला ती सोन्यासारखी, चुलीला मात्र नाही. ती ओलीनं फुगते आणि वाळली की बोट जाईल एवढ्या भेगा देते. उन्हाळ्यात वावर कसं फाटतं ते तुम्हाला मी काय सांगावं! पांढरी माती घ्या, किंवा मोडलेल्या जुन्या भिंतीची. वारुळाची मिळाली तर सगळ्यात चांगली, ती बारीक आणि चिकट असते. तिच्यात बारीक कुटार, म्हणजे भुसा, आणि शेण घाला, पायानं तुडवा, दोन रात्री ओल्या पोत्याखाली मुरू द्या आणि पुन्हा तुडवून घ्या. कुटारामुळे माती तडकत नाही, आणि ते जळून गेलं की मागे बारीक पोकळ्या राहतात, त्यांतून धग कमी जाते. कट्ट्यावर इंचभर लिंपण द्या. दर आठवड्याला पोतेरं फिरवताना भेग दिसली की तिथल्या तिथे बुजवा.

चुलीच्या पोटात दोन बोटं राख कायम असू द्या. राख काढायची ती वरची वरची काढा, तळ खरवडून लख्ख करू नका. ती राखच खालच्या विटांची गोधडी आहे.

कट्टा झाला की तो पुरतो की नाही हे हातानंच कळतं. नेहमीसारखा स्वयंपाक करा, आंघोळीचं पाणी तापवा, जाळ विझवा. लगेच हात लावून बघण्यात अर्थ नाही, कारण वीट धग धरून ठेवते आणि सावकाश खाली सोडते. जाळ विझल्यावर तासाभरानं कट्ट्याच्या कडेच्या जमिनीवर, मागच्या भिंतीवर आणि जवळच्या लाकडी खांबावर तळहाताची मागची बाजू टेकवा. दहा आकडे मोजेपर्यंत सुखानं टेकवता आली तर ठीक. चटका बसून हात मागे घ्यावा लागला तर तिथे अजून एक थर हवा, किंवा चूल आणखी वीतभर सरकवायला हवी. पहिल्या आठवड्यात हे रोज करा.

मागची भिंत विटांची असेल तर मातीचं जाड लिंपण पुरे. तुराट्यांचा कूड किंवा लाकडी फळी असेल तर तिथे टिनाचा पत्रा कामाला येतो, पण भिंतीला खिळून नाही. भिंतीपासून दोन बोटं सोडून, खाली दोन विटांवर उभा करा, वरून आणि खालून मोकळा. मधल्या फटीतून गार हवा खालून शिरते, तापून वर निघते आणि भिंत गार राहते. पत्रा भिंतीला चिकटवला की हा सगळा फायदा गेला. मुलाला पत्रा आणायचाच आहे, तर तो इथे लावू द्या.

वर बघायला विसरू नका. चुलीवरच्या फाट्यांना, बांबूंना काजळीची जाळी लोंबतात. ठिणगी उडून त्यात अडकली की ती सुतासारखी पेटत जाते. दिवाळीला आणि होळीच्या आधी लांब काठीला झाडू बांधून ती झाडा. सरपण वाळावं म्हणून चुलीवरच्या माचीवर रचायची पद्धत पुष्कळ घरांत आहे, ती मोडा. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघाचं काम चालायचं, आणि धुराडं असलेली 'मगन चूल' तिथलीच. तशी धुराड्याची चूल करणार असाल तर नळी छपरातून जाते तिथे लाकूड, बांबू नळीला टेकू देऊ नका. तिथे चहूबाजूंनी मोकळं टीन लावा आणि नळीतली काजळी दर महिन्याला काढा.

सरपणाचंही ठिणगीशी नातं आहे. पऱ्हाटी आणि तुराटी भसकन पेटतात, जाळ मोठा देतात, फुटतात आणि तुटून बाहेर पडतात. पाणी तापवायला त्या ठीक, पण पुढे माणूस बसलेलं हवं. भाकरीला बाभळीचं लाकूड लावा, निखारा छान पडतो. बांबूचं पेर न फोडता चुलीत घालू नका. आत कोंडलेली हवा तापते आणि पेर फाटकन फुटतं, निखारे थेट अंगावर. पऱ्हाटीचा ढीग घरालगत रचू नका, निदान वीसेक पावलं लांब ठेवा. कृषी खात्याचे लोकही पऱ्हाटी साठवू नका म्हणतात, त्यांचं कारण बोंडअळीचं. तिचे कोष वाळक्या बोंडांच्या नखांत, काड्यांत दडून बसतात आणि पुढच्या हंगामाला वावरात येतात. तेव्हा जेवढी जाळायला लागेल तेवढीच आणा.

राख प्लास्टिकच्या बादलीत भरू नका, उकिरड्यावर गरम टाकू नका. आपल्या आज्या रात्री विस्तव राखेखाली पुरून ठेवायच्या आणि पहाटे उकरून त्यावरच चूल पेटवायच्या, आगपेटीची काडी लागायची नाही. म्हणजे राखेत निखारा रात्रभर जिवंत राहतो हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. लोखंडी घमेल्यात काढा, वर दुसरं घमेलं पालथं घाला, दोन दिवस मोकळ्यावर राहू द्या, मग टाका. चुलीजवळ एक गुंड पाण्याचा आणि एक टोपलं रेतीचं कायम भरलेलं ठेवा. तेलानं पेट घेतला तर पाणी नाही, रेती किंवा वरून झाकण.

थंडीचे दिवस येतील, म्हणून हेही सांगते. पुस-माघात रात्री शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं आत घेऊन, दारं-खिडक्या लावून कुणीही झोपू नका. धूर दिसत नाही म्हणून ते निर्धोक वाटतं. निखाऱ्यातून निघणाऱ्या विषारी वायूला ना रंग असतो ना वास, आणि झोपेतला माणूस जागाच होत नाही. जुन्या घरात कवेलूंतून, कुडातून हवा खेळायची. घरकुलाला स्लॅब आहे, पक्क्या भिंती आहेत, तिथे हा धोका जास्त आहे. सासूबाईंना थंडी वाजत असेल तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पायाशी द्या.

चुलीपुढे बसताना पदर खोचलेला असू द्या आणि नायलॉनची साडी नको, ती वितळून कातडीला चिकटते. बसायचं तोंडाच्या थेट समोर नाही, एका अंगाला. एवढं करूनही कुणी भाजलं तर त्या जागेवर वीस मिनिटं साधं गार पाणी सोडत राहा. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप काहीही लावू नका, चिकटलेला कपडा ओढू नका, आणि १०८ ला फोन करा.

कट्टा आणि चूल लिंपून झाली की लगेच पेटवायची घाई करू नका. सावलीत आठ-दहा दिवस वाळू द्या, उन्हात वाळवलं तर तडे जातील. चुलीचं तोंड किती रुंद, भांडं टेकायचे उंचवटे केवढे, हे सासूबाईंच्या हातानं होऊ द्या, हाताची जखम भरली की. त्यांचा तवा, त्यांची बसायची उंची त्यांनाच ठाऊक. पहिल्या दिवशी फक्त अर्धी गोवरी पेटवा आणि विझू द्या. दुसऱ्या दिवशी एक पूर्ण. तिसऱ्या दिवशी थोडं सरपण घालून गंजभर पाणी तापवा. या तीन दिवसांत मातीतून वाफ निघताना दिसेल, बारीक भेगा पडतील, त्या ओल्या मातीच्या बोटानं बुजवत जा. चौथ्या दिवशी भाकर टाका.